पाठीमागून झाडू नये

ओहाकुने गावात बर्फ काही रोज पडत नाही. पण पडला की गुरुदत्तच्या घरापासून फाटकापर्यंतचा तीनशे मीटरचा ड्राइव्हवे वीतभर बर्फाखाली जातो. म्हणूनच शहरातलं, रोटोटुनाचं घर विकून इथे डोंगराच्या पायथ्याशी आल्यावर त्याने सगळ्यांत आधी पुढे पातं लावलेला छोटा ट्रॅक्टर घेतला. घरी बसून कंपनीचं काम करणाऱ्या माणसाला अशी हौस असते. त्याची बायको सुनेत्रा त्या ट्रॅक्टरला 'तुझा नंदी' म्हणायची आणि नंदीला पुसतोस तितक्या प्रेमाने कधी भांडी पुसलीस का, असंही विचारायची.

गेल्या वर्षी जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका सकाळी बर्फ असाच साचला होता. सुनेत्रा गावात फार्मसिस्ट होती. दुकान उघडायला जाणं भाग होतं. गाडी निघण्यासारखी नव्हती, म्हणून शेजारचा ट्रेव्हर त्याच्या मोठ्या गाडीतून तिला फाटकाशी घ्यायला येणार होता. लाल गमबूट चढवून "येते हं" म्हणत ती चालत निघाली. अर्ध्या वाटेवर ड्राइव्हवे पाइनच्या झाडांमागे वळतो. तिथे ती दिसेनाशी झाली, आणि गुरुदत्तने ट्रॅक्टर सुरू केला.

त्याची आई, कौमुदीबाई, दारात आल्या. पुण्याहून येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती.

"अरे, ती पोचू दे की. निघालेल्या माणसाच्या पाठीमागून लगेच झाडू नये."

हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. कुणी गावाला निघालं की घरात केरसुणी तशीच कोपऱ्यात राहायची. माणूस गेल्या गेल्या घर झाडतात ते फक्त प्रेत उचलल्यावर. पण शिकलेला माणूस, त्यात हातात नवं यंत्र. हा केर नाही, बर्फ आहे, असं हसून सांगून त्याने पातं खाली टेकवलं.

डिझेलचा वास त्या थंड हवेत जागच्या जागी राहत होता. खडीवर पातं घासल्याचा आवाज सोडला तर साऱ्या रानात आवाज नव्हता. सुनेत्राच्या बुटांचे ठसे समोर उमटलेले होते, डावी टाच जरा झिजलेली. एकेक ठसा पात्याखाली जात होता. गुरुदत्तचं लक्ष मात्र कडा सरळ निघतेय की नाही याच्याकडे होतं.

फाटकाशी ट्रेव्हर गाडीचं इंजिन चालू ठेवून उभा होता. वीस मिनिटं झाली, अजून ती कशी आली नाही, असं त्याने विचारलं.

गुरुदत्तने मागे वळून पाहिलं. काळी, स्वच्छ खडी. दोन्ही अंगांना कुंपणापर्यंत बर्फ जसाच्या तसा. त्यावर सशाचंसुद्धा पाऊल नव्हतं. तिचे ठसे कुठवर होते, एवढंच ट्रेव्हरने विचारलं, आणि गुरुदत्तला ते सांगता आलं नाही. ठसे कुठे संपले ते त्याने पाहिलंच नव्हतं, आणि आता ते पाहायची सोय त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती.

पोलीस आले, कुत्री आली. पात्याने लोटलेला बर्फाचा बांध फावड्यांनी उकरला. काही सापडलं नाही. कौमुदीबाई त्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑगस्टमध्ये पुन्हा बर्फ पडला. सकाळी वळणापाशी दहा-बारा ठसे होते. कुठून आले ते कळत नव्हतं, पण चवडे घराकडे होते, आणि डावी टाच झिजलेली होती. पुढच्या बर्फात ठसे तिथून पुढे सुरू झाले. गुरुदत्त त्यांच्याशेजारी बसून ओक्साबोक्शी रडला. ती येत होती. हळू येत होती, पण येत होती.

त्यानंतर त्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ कधी काढला नाही. गाडी फाटकाशी ठेवायची आणि कुंपणाकडेने चालत यायचं. ट्रॅक्टर बिघडलाय का, असं ट्रेव्हरने विचारलं, तेव्हा त्याने हो म्हटलं. खरं काय ते सांगायला लाज वाटली, आणि इंग्रजीत सांगायचं तरी कसं?

यंदा जूनमध्ये ठसे व्हरांड्याच्या पहिल्या पायरीशी येऊन थांबले. वर अजून दोन पायऱ्या होत्या, आणि बर्फ पडतच होता. गुरुदत्तला दारातून हलायचं नव्हतं. पण घरात दूध नव्हतं, आणि कौमुदीबाईंना राहवेना. वर्षाने घरी येणाऱ्या पोरीला कोरा चहा द्यायचा का, म्हणाल्या. दहा मिनिटांचं काम होतं. तो कुंपणाकडेने गेला आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन आला.

फाटकातून ट्रेव्हरचा ट्रॅक्टर बाहेर पडत होता. त्याच्यामागे थेट पायऱ्यांपर्यंत काळी, स्वच्छ खडी.

"तुझा बंद आहे ना, मेट? म्हटलं करून टाकावं. स्वीट अ‍ॅज, त्यात काय एवढं," ट्रेव्हर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर नुसती माया होती.

गुरुदत्त धावत सुटला. दार सताड उघडं होतं. कौमुदीबाई गॅसपाशी उभ्या होत्या. आधण उकळून उकळून आटत आलं होतं. दाराशी पायपुसण्यावर लाल गमबूट नीट जोडीने काढून ठेवलेले होते.

"आली होती रे…" त्या अगदी हळू म्हणाल्या. "बूट काढले… चहा ठेवा म्हणाली… तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. तिला वाटलं, तूच आहेस… 'थांबा आई, त्याला थांबवून येते,' म्हणाली… आणि तशीच गेली. अनवाणी."

त्यानंतर दोनदा बर्फ पडला. एकही ठसा उमटला नाही. बूट हीटरजवळ ठेवलेत, आणि हीटर रात्रंदिवस चालू असतो. आता सप्टेंबर संपत आला, इथला वसंत सुरू झाला, बागेत डॅफोडिल्स फुललीत. त्या बुटांच्या टाचांना चिकटलेला बर्फ अजून वितळलेला नाही.