कोऱ्या अंगाची लेक

"दिवा नको लावू बाई, दारी आलं माझं बाळ
वाऱ्यानं सांगितलं, आली बकुळीची माळ."

हा आवाज रेवतीच्या कानात कधीचा राहून गेलेला. लहानपणी ती शाळेतून आली की ताक घुसळणारी आई मान न वळवता ही ओवी म्हणायची. काचबिंदूनं आईची नजर तेव्हाच गेली होती. रेवती मुद्दाम श्वास रोखून उंबऱ्यात उभी राही, पाय वाजू देत नसे, तरी आई हसायची. "लपतीस कशाला? वास दडवता येतो व्हय माणसाला?"

आता दडवता येत होता.

रेवती काम करायची तो कारखाना घाटाच्या पायथ्याशी होता. तिथं औषध शिजवत नसत, वाढवत. स्टीलच्या मोठ्या टाक्यांमध्ये जिवंत पेशी पोसायच्या, त्यांना साखर आणि प्राणवायू पुरवायचा आणि त्यांनी अंगातून सोडलेलं प्रथिन गाळून घ्यायचं. ज्या मुलांचं रक्त जखम झाल्यावर साकळत नाही, त्यांच्यासाठी ते औषध होतं. रेवती प्रॉडक्शनमध्ये होती. टाकीला अन्नाची नवी पिशवी जोडायची, नमुना काढायचा, फेस चढला तर हवा कमी करायची. दूध उतू जाऊ नये म्हणून बाईनं चुलीपाशी बसावं, तसं ती टाकीपाशी बसायची.

या कामाला एकच वैरी होता, तो म्हणजे माणूस. आपल्या कातडीवरून क्षणोक्षणी न दिसणारा कोंडा झडत असतो आणि त्याच्या कणाकणावर जंतू बसलेले असतात. त्यातला एक जरी टाकीत पडला तरी पेशींचं अन्न तोच फस्त करतो. मग अख्खी टाकी ओतून द्यावी लागते, आणि दूर कुठंतरी एखादं पोर आत रक्त साठून सुजलेला गुडघा धरून औषधाची वाट पाहत बसतं. डोक्यापासून पायापर्यंतचे पोशाख झाले, मुखवटे झाले, हातमोज्यांवर हातमोजे झाले. यंत्रमानव आणले, तर त्यांच्या सांध्यांतल्या वंगणाचे कण झडू लागले. शेवटी शास्त्रज्ञांनी पोशाखाचा नाद सोडला आणि माणूसच बदलला. एका लशीनं कातडीवरचे सगळे जंतू नाहीसे होत, आणि कातडीतूनच असं काही पाझरू लागे की पुन्हा तिथं कुणाला वस्ती करता येत नसे. कोंडा झडायचाही थांबे. अशा माणसांना कारखान्यात 'कोरे' म्हणत. रेवती त्यांतलीच एक.

पाळी संपली की प्रत्येकानं बोटं जेलीच्या बशीवर टेकवायची असत. बशी उबेत ठेवली की बाकीच्यांच्या बोटांखाली पिवळे-पांढरे ठिपके उगवत, पावसानंतर माळावर गवत यावं तसे. रेवतीच्या बशीत काहीच उगवत नसे. जणू त्या बोटांनी जन्मात कुणाला हात लावला नव्हता.

कॅन्टीनमध्ये ती शेजारी येऊन बसली तरी कुणी आल्यासारखं लोकांना वाटत नसे. पॅकिंगचे भोईटे एकदा दचकून अंगावर चहा सांडून बसले. "अगं ए, घुंगरं तरी बांध पायात! काळीज हातात आलं की माझं." सगळे हसले. रेवतीही हसली. गेटवरचं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हुंगायचं. तिच्या वेळी ते मानसुद्धा उचलत नसे.

या साऱ्याचं तिला काही वाटलं नसतं, पण आई बदलली होती.

माळावरच्या घरात आई एकटीच राही. रेवती सुट्टीला गेली की आता ओवी ऐकू येत नसे. आई दाराकडं तोंड करून निश्चल बसलेली असे. "आई, मी आले," असं म्हणावं लागे. त्या हाकेला आई हळूच "ये" म्हणायची. कधी राहतेस, कधी जातेस, लग्नाचं काय, हे सगळं विचारायची थांबली होती. रेवतीनं हात हातात घेतला की आईची बोटं त्या गार, गुळगुळीत कातडीवर क्षणभर थांबत, मग अलगद मागं सरत. विचारायची ती निराळंच.

"तिकडं थंडी असती का गं?"

"असते की. कायम गार हवा सोडलेली असते."

"कापडं कंची घालत्यात?"

"पांढरी. सगळ्यांना सारखीच."

"आन् बोलाय-चालाय कुनी?"

"आत बोलायचं नसतं, आई."

आई बराच वेळ मान हलवत राहिली. "तहान लागली तर हितं येत जा," ती म्हणाली.

परतल्यावर रेवती डॉ. मुल्लांकडं गेली. लस त्यांनीच दिली होती.

"मॅडम, माझी आई मला ओळखत नाही."

"विस्मरण?"

"नाही. वास."

डॉ. मुल्लांनी चष्मा काढला. "घामाला स्वतःचा वास नसतो, रेवती. कातडीवरचे जंतू घामाचं काहीतरी करतात, तो वास. प्रत्येकाची वस्ती वेगळी, म्हणून वासही वेगळा. दही लावतेस ना? दूध तुझं, पण चव विरजणाची."

"माझं विरजण कुठून आलं होतं?"

"बहुतेकांचं येतं तिथूनच. आईकडून. जन्मताना, मग मांडीवर, पदराखाली." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आम्ही तेच पुसलं. तेव्हा हा विचार कुणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही."

"परत लावता येईल?"

"उतारा आहे. मग आईजवळ राहा, तिच्या हातचं अंगाला लागू दे. काही महिन्यांत येईल कदाचित. पण टाकीपाशी पुन्हा उभं राहता येणार नाही. आणि तुला माहीत आहे, फारशी माणसं कोरी होत नाहीत. कितीजणांना लस सोसतच नाही. तुझी टाकी बंद ठेवावी लागेल."

रेवतीच्या डोळ्यांपुढं सुजलेला गुडघा धरून बसलेलं ते पोर आलं. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण तिला आपलं म्हणणारं, तिची वाट पाहणारं, तेवढंच एक उरलं होतं की काय असं तिला वाटलं. "बघते," ती म्हणाली. आईला लशीचं सांगायचंही राहून गेलं. तुझं जे अंगावर होतं ते मी पुसून आले, हे आईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

भाद्रपदात बाबांच्या म्हाळाला ती गेली ती मात्र ठरवूनच. आज सगळं सांगायचं, आणि आई म्हणेल तसं करायचं.

ऊन डोक्यावर आलं होतं. भिंतीवर कावळ्यासाठी पानं ठेवली होती. एका पानावर गवार, कारलं, खीर, वडे असं सगळं बाबांच्या आवडीचं होतं. कावळ्यांनी ते विस्कटून नेलं होतं. शेजारी दुसरं पान होतं. त्यावर शेंगदाण्याची पोळी आणि तुपाची वाटी. त्याला चोचही लागली नव्हती.

"आई, मी आले."

"ये."

"हे दुसरं पान कुणाचं गं?"

आईनं भिंतीशी जाऊन पोळी चाचपली. जशी ठेवली तशीच आहे हे बोटांना कळल्यावर ती तिथंच खाली बसली.

"मागल्या साली बी शिवला न्हाई," ती म्हणाली. "रेवे, मी आंधळी हाय, खुळी न्हाई. आवाज तुझा, पाऊल तुझं, पर वारा काय बी सांगत न्हाई. जित्या माणसाला वास असतो गं. तू कधी गेलीस, कशानं गेलीस, कुनी मला सांगाय आलं न्हाई. मी बी कुनाला इचारलं न्हाई. कुनी देवरुशी आनून तुझी वाट बांधली आसती तर? आन् तुला इचारलं तर तू यायचीच थांबशील, म्हनून गप बसले. पर तुझ्या पानाला कावळा शिवंना. सांग की बाळा, काय ऱ्हायलंय तुझं?"

रेवतीनं आईचे दोन्ही हात घेऊन आपल्या गालांवर दाबले. आईच्या हातांना ताकाचा, राखेचा, घामाचा वास होता.

"आई, मी जिती हाय गं!"

आईनं हात मागं घेतले नाहीत. त्या कोऱ्या गालांवरून ती अंगठे फिरवत राहिली, पोर निजवताना फिरवावेत तसे.

"व्हय गं माझ्या बाय," ती म्हणाली. "त्येच ऱ्हायलं आसंल तुझं. जगायचं."