दुसरी हाक

“हा डबा झोपतो गं,” आई म्हणाली होती. “दोनदा हाक मारावी लागते.”

“यंत्र कुठं झोपतं का, आई?” असं म्हणून मुलीनं फोन ठेवला होता. बाळ रडत होतं.

आता आई नव्हती. स्वयंपाकघरात पडली, आणि अशाच वेळेसाठी आणलेल्या डब्यानं कुणालाच कळवलं नाही. डब्याचं नाव सोबती. ‘सोबती’ म्हटलं की त्याचा दिवा लागायचा. मग ‘ताईला बोलाव’ म्हटलं की मुलीचा फोन वाजायचा.

आईच्याच घरात, बाळाला खांद्यावर घेऊन, मुलगी अक्कांसमोर बसली होती. अक्का खासगी तपासाची कामं घेत. बरोबर त्यांचे यजमान, मास्तर. निवृत्त झाले तरी तोंडाला सुट्टी नाही.

“मावशींनी माइक बंद केला असणार,” मुलगी म्हणाली. “एजन्सीला कळवणार आहे मी. पुन्हा कुठल्या घरात काम मिळायला नको.”

आईला सांभाळणाऱ्या मावशी दाराशीच उभ्या होत्या. “मी बटणाला हात लावला नाही, ताई. बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आजींनी सोबतीला हाक मारली. गाणं लावायचं असेल, असं वाटलं मला.”

“किती वेळा मारली?” अक्कांनी विचारलं.

“एकदाच. एरवी दोनदा मारायच्या. पहिलीला तो बधत नाही, म्हणायच्या.”

कंपनीचा इंजिनिअर खुर्चीच्या टोकावर बसला होता. “नोंदीत डबा चालू दिसतो, पण हाक पोचलेलीच नाही. एकतर कुणी मारली नाही, नाहीतर माइक बंद होता.”

“डबा नवा दिसतोय,” अक्का म्हणाल्या.

“चिप नवी आहे. तिच्यात काम करणारे भाग, म्हणजे कोअर, मोठे दोन, धाकटे चार. काम नसलं की झोपतात. बॅटरी दुप्पट चालते.”

मास्तर एव्हाना डब्यापाशी पोचले होते. “मी वर्गात शिरलो की पोरं अशी चिडीचूप व्हायची, की सोबती!” दिवा लागला. “बघा, पहिल्याच हाकेला. आणि आमच्या घरी मी दिवसभर ओरडतोय, सोबती!” पुन्हा लागला. “गुणी आहे हो. घरी माझं एवढं कुणी ऐकत नाही.”

“मास्तर, आता बसा,” अक्का म्हणाल्या. “कुणीच बोलू नका.”

खोली शांत झाली. नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं. आईच्या दुपारी अशाच जात असतील, मुलीच्या मनात आलं.

बऱ्याच वेळानं अक्कांनी हाक मारली. “सोबती.”

दिवा लागला नाही.

“सोबती.”

लागला.

“इथं खोटं कुणीच बोललेलं नाही,” अक्का म्हणाल्या. “मास्तरांच्या बडबडीत डबा जागा होता. तुमच्या चाचण्याही भरल्या खोलीतच झाल्या असतील. आजी एकट्या असायच्या, गप्प असायच्या. हाक ओळखायचं काम कुणाचं?”

“मोठ्या कोअरचं,” इंजिनिअर म्हणाला.

“त्याला किती गाढ झोपू द्यायचं, हे कशावरून ठरतं?”

“उठायला किती वेळ लागतो, त्यावरून. मोठ्यांचे आकडे वेगळे, धाकट्यांचे वेगळे.” तो डब्याकडे वळला. “धाकटे चटकन उठतात. त्यांचेच आकडे मी मोठ्यांना लावले.”

“म्हणून डबा मोठ्यांना बिनधास्त गाढ झोपवतो. ते उठेपर्यंत?”

“माइकनं धरलेला आवाज पुसला जातो. दुसरी हाक ऐकू येते.”

“आजींना दुसरी मारता आली नाही.”

बाळ खांद्यावर चुळबुळलं, तसा मुलीचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. याला तिनं कधी दुसऱ्यांदा रडू दिलं नव्हतं. आईला मात्र तिला दोनदा सांगावं लागायचं, आणि डबा झोपतो हे आईनं एकदाच सांगितलं होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “मी उगाच तुमच्यावर आळ घेतला. बाळाला घ्याल थोडा वेळ?”

मावशींनी हात पुढे केले.

“असे डबे किती घरांत आहेत?” अक्कांनी विचारलं.

“पुष्कळ.”

“मग फोन लावायला घ्या. आत्ताच.”

इंजिनिअर फोन लावत राहिला. काही घरांतून कुणी उचलेना.

हे वाचताना तुमच्याही घरात शांतता असेल. आतल्या खोलीत कुणी असेल, किंवा दूर, एकट्या घरात. आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरू नका. हे बाजूला ठेवा, आणि एकदा बघून या.