बोटं बादलची

"या फाईलीत आवाजच नाही."

प्रफुल्ल शीलाशी बोलला ते पहिलं वाक्य हे. पांढरकवड्याच्या मोबाइल दुकानात ती दुकानदाराशी डोकं फोडत होती, बाहेर झड लागलेली, आणि हा आगाऊ माणूस मागून मान वाकवून तिच्या लॅपटॉपमध्ये बघत होता.

"तुम्हाले कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. पण मी इथंच वरच्या मजल्यावर गाणे रेकॉर्ड करतो. विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं."

एरवी शीलानं त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. पण त्या फाईलीत बादल होता. तिचा भाऊ. लग्नांत कीबोर्ड वाजवायचा. उन्हाळ्यात वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. त्याआधी त्यानं ढावलो वाजवून कॉम्प्युटरमध्ये ठेवला होता. ढावलो म्हणजे त्यांच्या बंजारा तांड्यावरची नवरी माहेर सोडताना रडत रडत गाते ते गाणं. "तुह्या लग्नात तुले रडता नाही आलं तर हा लावू," असं तो शीलाला चिडवायचा. आता तिच्या याडीला, म्हणजे आईला, तो एकदा ऐकायचा होता. बाई दुसरं काहीच मागत नव्हती, जेवणसुद्धा नाही.

"मग... आवाज गेला कुठं?"

"गेला नाही, आलाच नाही. त्यानं लावली त्या वायरीतून निस्ते बोटं येतात. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, किती वेळ. आवाज कीबोर्डातच राह्यते." तो जरा अडखळला. "कीबोर्ड... हाये?"

"हाये. त्या दिवशी त्याच्या पाठीवरच होता."

दुसऱ्या दिवशी तिनं तो चादरीत गुंडाळून आणला. एक कोपरा फुटलेला. प्रफुल्लनं खोलला तर आतून कोळशाची भुकटी सांडली. ब्रशनं झाडत, फुंकर मारत त्यानं सगळं साफ केलं. स्क्रीन लुकलुकत लागली. बादलनं स्वतः बनवलेला टोन आत अजून शाबूत होता. धड सनई नाही, धड बासरी नाही, घसा बसलेल्या माणसासारखा.

"किती वेळ चालंल, भरवसा नाही," प्रफुल्ल म्हणाला. "एका वायरीनं बोटं परत पाठवतो, दुसरीनं आवाज घेतो."

पट्ट्या हलल्या नाहीत, आणि ढावलो वाजू लागला. शीलानं ओढणी तोंडात कोंबली.

"रडा की," तो हळूच म्हणाला. "आवाज सरळ वायरीतून जाऊन राह्यला. इथलं काही त्यात जात नाही."

मग ती रडली. बादल गेल्यापासून अशी मोकळी ती रडलीच नव्हती.

आणि निम्म्या ढावल्यात स्क्रीन विझली.

दिवस कलेपर्यंत प्रफुल्ल आतल्या सुटलेल्या तारांना डाक देत बसला. कीबोर्ड काही उठला नाही. "माफ करा," तो म्हणाला.

"तुमची काय चूक?" ती फणकारली, आणि बघते तर त्याचे डोळे भरलेले. त्याच घटकेला तो तिला आवडला. लगेच स्वतःचा रागही आला... घरात चूल धड पेटत नाही आणि हिचं हे काय!

उरलेल्या ढावल्याला त्यानं कॉम्प्युटरमधली तयार बासरी लावून पाहिली. "बंद करा," ती म्हणाली. "हे तर सिरीयल वाटून राह्यलं."

"मग माझी पेटी लावू? एकेक सूर माइकवर घ्यावा लागंल. पंधरा दिवस तरी जातील."

"इतके?"

"खरं सांगू? दोन दिवसांचं काम हाये."

"मग पंधरा काहून?"

तो पेटीवरची धूळ पुसत राहिला. कान मात्र लाल झाले होते. शीलानं पुन्हा विचारलं नाही, पण रोजची बस धरली.

माइकसमोर बोलायची सोय नव्हती. ट्रक गेला की थांबायचं, पाऊस वाढला की थांबायचं. सूर विरेपर्यंत दोघं श्वास धरून एकमेकांकडे बघत... आणि सूर विरला तरी बघतच. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

ढावलो पुरा झाला. शीला तो घरी घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी काम नसताना जिना चढून आली.

"ऐकलं याडीनं?" त्यानं घाबरत विचारलं.

"ऐकलं. पेटी लागली तशी विचारे, हा कोण? मी म्हटलं, बोटं बादलचेच हायेत, आवाज प्रफुल्लचा."

"मग?"

"मग म्हणे, बोटं तर आता भेटत नाहीत... आवाज घरी येते का, विचारून पाह्य."

प्रफुल्ल हो हो म्हणत मान हलवत राहिला.

"तिले पाह्यजे म्हणून येशील, मले मालूम हाये," शीला म्हणाली. "पण मलेही पाह्यजे तू."