एकोणिसाव्या वर्षाचा थर

धमन्या वाचायची विद्या आली आणि गेलेली माणसंही बोलायला लागली. तरुणपणी हृदय बंद पडून कुणी गेलं, की त्याच्या धमनीचा नखाएवढा तुकडा सरकार जपून ठेवी आणि घरच्यांनी मागितलं तर प्रयोगशाळेत त्याचं ‘थरवाचन’ होई. झाडाच्या बुंध्यात वर्षागणिक वलयं दिसतात, तसे धमनीत साचलेल्या मेदाचे थर विशिष्ट प्रकाशात वेगळे होत. कुठल्या वर्षी काय साचलं आणि किती, ते सगळं दिसे.

कांचनताई चौगुल्यांना एवढंच हवं होतं. त्यांचा विश्वजीत, पंचक्रोशीत नावाजलेला पैलवान, ऐन तिशीत आखाड्यातच कोसळला. तेराव्याला सून समिधा सगळ्यांदेखत म्हणाली, “तुमच्या तुपानं मारलं माझ्या नवऱ्याला,” आणि तान्ह्या ओवीला घेऊन माहेरी गेली, ती परतलीच नाही. त्या दिवसापासून कांचनताईंच्या घरात तूप कढलं नव्हतं. देवापुढच्या निरांजनातही त्या तेल घालत. तुपावरचा आळ खोटा ठरला तर नात घरी येईल, या एका आशेवर बाई तग धरून होत्या.

आज कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत सासू आणि सून इतक्या वर्षांनी एका बाकावर बसल्या होत्या. मध्ये ओवी. ती आजीकडे टकमक बघत होती. शेवटी न राहवून तिनं विचारलं, “तूच का ती तुपाची आजी?”

कांचनताईंना हसू आलं आणि डोळेही भरले.

डॉ. आफरीन मुजावरांनी पडद्यावर पिवळट पट्ट्यांचं चित्र उघडलं. “काकू, कोलेस्टेरॉल म्हणजे काही विष नव्हे. शरीराला ते लागतं आणि बरंचसं आपलं यकृतच बनवतं. रक्तात जास्त झालं की यकृतच ते परत ओढून घेतं. त्यासाठी त्याला जणू बारीक दारं असतात. काही घराण्यांत त्यातली निम्मी दारं जन्मतःच बंद असतात. मग ते रक्तात फिरत राहतं आणि बंबाला आतून क्षार धरावा, तसं धमनीला धरतं.”

“म्हंजे तुपानं न्हाई?”

“तुपानं भर घातली. पण पहिला थर पार बालपणातला आहे. तेव्हा तो कुठला पैलवान? हे रक्तातून आलेलं दुखणं. अंगावर खुणाही दिसतात, टाचेमागं, कोपरावर पिवळसर गाठी. त्याला होत्या?”

होत्या की! तालमीतले वस्ताद त्या गाठी दाबून म्हणायचे, ‘मातीनं घट्टे पडलेत, पोरगं पैलवान होणार.’ कांचनताई पाहुण्यांना कौतुकानं दाखवायच्या आणि दर शनिवारी कोमट तेल घेऊन अंगठ्यानं चोळायच्या.

समिधानं ओवीचा मोजा खाली सरकवला. टाचेमागं हरभऱ्याएवढी गाठ होती.

“आई,” ती कांचनताईंचा हात धरून रडायला लागली, “मी तुम्हाला नको ते बोलले. या दिवाळीला आम्ही घरी येतो.”

इतक्या वर्षांचा छातीवरचा धोंडा उतरला. कांचनताई मनातल्या मनात करंज्या तळायलाही लागल्या.

“ओवीला मात्र आजपासून गोळी सुरू करायची,” डॉक्टर म्हणाल्या. “जन्मभर.”

समिधाचं रडणं थांबलं. “एवढ्याशा पोरीला? तिच्या बाबानं कधी डोकेदुखीची गोळी घेतली नाही. मोठी झाली की बघू.”

डॉक्टरांनी समजावलं, आकडे सांगितले. समिधा ढिम्म. शेवटी डॉक्टर पुन्हा पडद्याकडे वळल्या. “एक कोडं आहे बघा. हा एकोणिसाव्या वर्षाचा थर जवळजवळ नाहीच. साचणं थांबलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू. काय केलं होतं त्यानं?”

“आमचं लग्न नंतरचं,” समिधा म्हणाली.

कांचनताईंना ठाऊक होतं. त्या वर्षी विश्वजीत पुण्याला सरावाला होता. सुट्टीत आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत गोळ्या सापडल्या. पैलवानाच्या ट्रंकेत गोळ्या म्हटल्यावर कुठलीही आई जे समजेल, तेच त्या समजल्या. ताकदीच्या चोरट्या गोळ्या, घराण्याला बट्टा! ‘आई, या तसल्या न्हाईत, तिथल्या डॉक्टरांनी दिल्यात,’ पोरगा सांगत राहिला. त्यांनी ऐकलंच नाही.

आता गप्प बसलं तर दिवाळीला नात घरात. कुणाला कधी कळायचंही नाही. कांचनताईंनी ओवीच्या उघड्या टाचेकडे पाहिलं.

“गोळी घेत हुता त्यो,” त्या म्हणाल्या. “हीच असंल. मी चुलीत घातल्या. तालमीतल्या मारुतीफुडं शपथ घ्याय लावली, पुन्हा शिवणार न्हाई म्हणून. त्यानं पाळली.”

मग समिधानं डॉक्टरांना विचारलं, “गोळी सकाळी द्यायची की रात्री?”

उत्तर ऐकून घेऊन तिनं ओवीचा मोजा वर ओढला, तिचा हात धरला आणि सासूकडे न बघता निघाली. दारातून ओवीनं विचारलं, “आई, दिवाळीला जायचंय ना आपण?”

“चल,” समिधा म्हणाली.

पावलं जिन्यावरून उतरून गेली. कांचनताई बसूनच होत्या.

“डॉक्टरीणबाई, त्येवढं एक वरीस परत दाखवा की.”

डॉक्टरांनी ती केसासारखी रेघ पडदाभर मोठी केली. कांचनताई उठून जवळ गेल्या आणि शनिवारी गाठींवर फिरवायच्या, तसा त्यांनी अंगठा त्या रेघेवरून हळूहळू फिरवला.