पुरे म्हणेपर्यंत

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातल्या त्या सकाळी नीलम्मानं लोहाऱ्याहून आलेल्या टँकरच्या पाण्याची घागर वडिलांच्या, बंडप्पांच्या खांद्यावर दिली आणि नेहमीसारखी कुरकुरली, "घरात प्यायला न्हाय, अन् तुम्ही मातीला पाजा."

"माती तरी कुरकुरत न्हाय," बंडप्पा म्हणाले आणि माळाकडं चालू लागले.

माळावर सोसायटीचं गोदाम उठत होतं. मागं एकदा अशाच खोदकामाची माती पावसानं वाहून आली आणि गावचा आड बुजला. तेव्हापासून ग्रामपंचायतीचा नियमच होता: उतारावर खोदायचं, तर मातीच्या ढिगाखाली आधी दगडी ताल, म्हणजे रचीव दगडांचा बांध घालायचा. ताल माती धरते का, हे मेंबर बंडप्पा ढिगावर घागर ओतून बघत. गढूळ पाणी रस्त्यावर उतरलं की काम बंद. एकदा ओतायला लागले की लेक "पुरे, आप्पा" म्हणेपर्यंत त्यांचा हात थांबत नसे. गावात त्यावरून थट्टाही चाले.

ठेकेदार शांतलिंगानं ताल घातलीच नव्हती. "काका, आभाळात थेंब न्हाय. वाहायला पाणी कुठलं?" तो हसून विचारी.

"येईल तवा तुला विचारून येणार हाय व्हय?"

त्या दिवशी नीलम्मा शाळेत शिकवायला गेली. दुपारी आप्पांना ढिगाखालून उपसून काढलं. ढीग ढासळला, शांतलिंगानं सांगितलं. मजुरांनी माना डोलावल्या. पण लिंगायतांच्या रीतीप्रमाणं बसवून पुरताना आप्पांची मान पुढं कलली आणि नीलम्माच्या बोटांना केसांत भोक लागलं. पहारीच्या टोकाएवढं.

तिनं त्यावर केस सारखे केले.

घागर कुणालाच सापडली नाही.

काही दिवसांनी भर उन्हात ढिगावरून गढूळ धार उतरली. रस्ता ओलांडून शांतलिंगाच्या उंबऱ्याशी थांबली. त्यानं घाईनं ताल घातली. धार दगडांतून आली. जाड, लालसर, लोखंडाच्या वासाची. पाणी कोण ओततंय म्हणत त्यानं मजुरांना चामड्याच्या वादीनं झोडपलं, एकाचा हात मोडला. मग स्वतःच पहार घेऊन ढीग फोडत सुटला. आतली माती भट्टीतून काढल्यासारखी कोरडी होती.

एका दुपारी शाळेतून येताना नीलम्मानं किंकाळी ऐकली.

चिखलानं शांतलिंगाचं दार आत फोडलं होतं. तुळई त्याच्या मांड्यांवर कोसळली होती. तो छातीपर्यंत रुतला होता, चौकट ओरबाडून बोटं रक्ताळली होती. लोक लांब उभे होते. कुणाचाच पाय पुढं पडत नव्हता.

"नीलाक्का," तो म्हणाला, "म्याच मारलं. काकांना पुरे म्हण. तुझंच ऐकत्यात ते."

माळावर कुणी नव्हतं. पण अरुंद तोंडाच्या घागरीतून पाणी पडताना होतो, तो भकभक आवाज साऱ्यांना ऐकू येत होता.

चिखल शांतलिंगाच्या हनुवटीला लागला.

नीलम्मानं माळाकडं तोंड केलं.

"ओता, आप्पा," ती म्हणाली.