उजव्या विंगेतली बाई

ज्या प्रयोगात हे घडलं त्याचं तिकीट अजून माझ्या पाकिटात आहे. रविवार, ११ डिसेंबर २०२२. धुळे. सकाळी साडेअकरा.

सकाळी. पुन्हा सांगते. बाहेर ऊन होतं, थिएटरच्या दारात पोहेवाल्याची गाडी होती, गाडीभोवती माणसं होती. अमावस्या वगैरे काही नव्हती.

जिच्या बाबतीत हे घडलं ती कामिनी माझी मावसबहीण. जळगावला मुलींच्या शाळेत शिकवते. एकटी राहते... म्हणजे तेव्हा राहायची. तिनं मला जे सांगितलं ते तसंच लिहिते आहे. शेवटचं थोडं माझं आहे.

ते लिहायची माझी इच्छा नव्हती.

*

एरंडोलच्या एका बंद पडलेल्या वाचनालयाची रद्दी निघाली होती. कामिनी शाळेसाठी पुस्तकं निवडायला गेली आणि एक हातानं लिहिलेली वही घेऊन आली.

'दोघींचे बिऱ्हाड. लेखिका : तानुबाई, मास्तरीण. सन १९३४.'

खाली बारीक अक्षरात : 'मेहरुनसाठी.'

गोष्ट साधी. दुर्गी नावाची बाई नवऱ्याचं घर सोडते. इंदिरा नावाच्या शिक्षिकेकडे राहायला येते. दोघी शिवणाचा वर्ग काढतात, आपल्या पायावर उभ्या राहतात. आणि हळूहळू एकमेकींच्या होतात. बहिणी म्हणून नाही. नवरा-बायको होतात तशा. तानुबाईंनी ते आडपडदा न ठेवता लिहिलं होतं. नवरा नाटकभर दिसत नाही. फक्त दाराबाहेरून त्याचा आवाज येतो. शेवटी तो दार ठोठावत राहतो.

पान एकेचाळीस.

दुर्गी : मी दार उघडणार नाही. माझं माणूस आत आहे.
इंदिरा : माझंही माणूस इथंच आहे.
(पडदा.)

कामिनी ते पान कितीतरी वेळ बघत बसली.

ज्योतीमुळे.

ज्योती पहूरची. जळगावला एका लॅबमध्ये रक्त तपासायची आणि कामिनीच्याच नाटकमंडळीत काम करायची. चारचौघांत तिला 'ताई' म्हणायची. घरात दोघीच असल्या की नुसतं 'कामिनी'. त्या वर्षी ज्योतीसाठी स्थळं बघणं चाललं होतं. कामिनीला जगात एकच गोष्ट हवी होती. ज्योतीनं आपल्याजवळ राहावं.

हे स्वतःच्या तोंडानं म्हणायची तिची छाती नव्हती. आपल्याऐवजी नाटक म्हणेल, असं तिला वाटलं.

*

दिग्दर्शक ललितसर. दाराबाहेरचा नवऱ्याचा आवाजही तेच देणार होते. स्पर्धेसाठी नाटक ठरलं. दुर्गी कामिनी, इंदिरा ज्योती. सरांनी वही वाचून चष्मा काढला.

"कामिनीबाई, नाटक झकास. शेवट तेवढा बदला."

"का?"

"परीक्षक तिघं, तिघंही साठीच्या पुढचे. एकाची बायपास झालीय. जीव घेता का त्याचा?"

सगळे हसले.

"दुर्गी दार उघडते. म्हणते, चुकलं माझं, चला. इंदिरा तिची मानलेली बहीण. ती डोळे पुसते. पडदा. बक्षीस घरी."

कामिनी भांडणारच होती. पण त्या संध्याकाळी ज्योती घरी आली आणि चप्पल न काढताच दारात उभी राहून बोलली.

"आबा येणार आहेत बघायला. आणि ती धुळ्याची मंडळीही. मुलगी स्टेजवर कशी दिसते ते बघायचंय म्हणे त्यांना."

"मग?"

"मग काय कामिनी... बदल ना शेवट. माझ्यासाठी."

कामिनीनं लाल पेन घेतलं आणि पान एकेचाळीसवरच्या दोन्ही वाक्यांवर काट मारली.

तिला सुटल्यासारखं वाटलं. हे तिनं मला खाली मान घालून सांगितलं.

*

नाटकातल्या माणसाला एक सवय असते. वाक्य विसरलं की विंगेतून प्रॉम्प्टर पहिले दोन शब्द देतो. नट ते उचलतो. विचार करत नाही. उचलतोच. आणि उचलेपर्यंत प्रॉम्प्टर पुन्हा पुन्हा देत राहतो.

या मंडळीचे प्रॉम्प्टर झुलालभाऊ. वय अठ्ठ्याहत्तर. डाव्या विंगेत खुर्ची टाकून बसायचे. कायम डाव्या.

नव्या शेवटाची पहिली तालीम. शाळेचा हॉल. दुपारचे चार.

सर दाराबाहेरून ओरडले, "दुर्गे, दार उघड!"

कामिनीनं तोंड उघडलं. आणि...

"मी दार..."

हलका आवाज. बाईचा.

उजवीकडून.

कामिनी थांबली. उजवीकडे घडी केलेल्या सतरंज्या होत्या. कोणी नव्हतं.

"काय झालं? पुढं बोला," सर म्हणाले.

"झुलालभाऊ, तुम्ही दिलं का वाक्य?"

"पोरी, मी तोंडच उघाडं नही. मी तं आठे शे, डावीकडे. तू उजवीकडे काय देखस?"

ती कशीबशी म्हणाली, "चुकलं माझं. चला."

तेवढ्यात उजवीकडून कोणीतरी श्वास सोडला... दातांतून.

कामिनी पाठांतरासाठी तालमी फोनवर रेकॉर्ड करायची. घरी येऊन तिनं ती ऐकली. पहिले दोन अंक स्वच्छ होते. मग नवा शेवट आला.

ललितसर :
(पंखा फिरतोय.)
कामिनी :
(बाहेर भाजीवाला ओरडतो. मेथी, पालक.)
ललितसर :
(पंखा.)

भाजीवाला नीट ऐकू येत होता. यांचा एकही शब्द नव्हता. कोणीतरी निवडून काढून घेतल्यासारखा.

*

हे आठ दिवस चाललं. रोज तेच. रोज त्याच जागी, उजवीकडून, तेच दोन शब्द.

रोज थोडे मोठ्यानं.

रंगीत तालमीला ते सरांनाही ऐकू आले. सर तापट. दाराच्या चौकटीमागून बाहेर आले आणि रिकाम्या उजव्या विंगेकडे बोट करून ओरडले, "कोण आहे गं तिकडे? बंद कर ती कटकट! माझं नाटक आहे, मी सांगेन तोच शेवट!"

उजवीकडे शांतता.

पूर्ण शांतता. पंखासुद्धा ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ललितसरांनी बायकोला चहा मागायला तोंड उघडलं... आणि आवाज आला नाही.

घसा लाल नाही. सूज नाही. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. म्हणाले, सगळं ठणठणीत आहे, यांना बोलता यायला हवं.

आज तीन वर्षं होतील. सर खिशात छोटी पाटी घेऊन फिरतात.

झुलालभाऊंनी त्या दिवशी कामिनीला बाजूला घेतलं.

"मना बाप तठे पेटी वाजाडे," ते म्हणाले. "मरेपर्यंत त्याना हात उजव्या कानवर जाये."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

१९३४ साली धुळ्यात या नाटकाचा एकच प्रयोग झाला. झुलालभाऊंचे वडील त्यात पेटीवर होते. कंपनीच्या मालकानं तानुबाईंच्या नकळत शेवट बदलला, नटांकडून गुपचूप बसवून घेतला. तानुबाईंचा कोणावर भरवसा नव्हता, म्हणून त्या स्वतः प्रॉम्प्टिंगला बसल्या होत्या. उजव्या विंगेत. दुर्गीचं काम करणारा पुरुष लुगडं सावरत म्हणाला, चुकलं माझं. तानुबाईंनी खरं वाक्य दिलं. त्यानं उचललं नाही. त्यांनी पुन्हा दिलं. मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. प्रेक्षक हसायला लागले. आठव्यांदा त्या किंचाळल्या, तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ विंगेत शिरला आणि त्यानं त्यांच्या तोंडावर हात दाबला.

तो हात म्हणे सोनगीरला घरी पोचेपर्यंत काढला नाही.

तिथल्या एका खोलीत त्या अकरा वर्षं जगल्या. खोलीला बाहेरून कडी. आतून एकच वाक्य ऐकू यायचं. मेहरुन ही एरंडोलची कपडे शिवणारी. ती तीनदा सोनगीरपर्यंत गेली. तीनही वेळा तिला ओसरीवरूनच हाकललं.

"तिना शब्द उचल, पोरी," झुलालभाऊ म्हणाले. "नही उचला तं ती तुना शब्द लई जाई." म्हणजे घेऊन जाईल.

*

प्रयोगाच्या सकाळी मेकअपच्या खोलीत कामिनीनं ज्योतीला सांगितलं, "मी खरं वाक्य म्हणणार आहे."

ज्योतीच्या हातातला कंगवा थांबला.

"वेडी आहेस का? दुसऱ्या रांगेत बसलेत सगळे. आबा, ती मंडळी..."

"तूही म्हण."

"ताई, प्लीज."

खोलीत दोघीच होत्या. तरी ती ताई म्हणाली.

कामिनीला ते लागलं. पण तिला एक वेडी आशाही होती. आवाज आला की नट उचलतो. विचार करत नाही. मग ज्योतीही उचलेल. आबांच्या समोर, सगळ्यांच्या समोर.

म्हणजे तिला ते हवंच होतं. त्या बाईकडून काम करून घ्यायचं होतं.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. मीही होते प्रेक्षकांत, पाचव्या रांगेत. दोन अंक सुरेख झाले. दाराबाहेरचा नवरा आता झुलालभाऊ होते.

"दुर्गे, दार उघड!"

कामिनी दाराकडे पाठ करून उभी राहिली. आम्हाला विंगेतलं काही ऐकू आलं नाही. तिला आलं. तो आवाज विनवत नव्हता, बजावत होता.

"मी दार..."

"मी दार उघडणार नाही," कामिनी म्हणाली. "माझं माणूस आत आहे."

थिएटरमध्ये कोणीतरी खोकलं. बस.

आता ज्योतीची पाळी.

मी ज्योतीकडे बघत होते. तिनं झटकन उजवीकडे बघितलं. म्हणजे तिलाही आलं. मग दुसऱ्या रांगेकडे बघितलं. पहूरहून आलेले तिचे वडील अभिमन आबा, पांढरी टोपी, मांडीवर दोन्ही हात. शेजारी धुळ्याची मंडळी.

ज्योती गप्प.

पुन्हा उजवीकडे बघितलं. तिचा चेहरा आक्रसला. कानाजवळ कोणी किंचाळावं तसा.

गप्प.

मी मोजत नव्हते. कामिनीनं मोजलं. तिला दर वेळी ऐकू येत होतं.

पाच. सहा. सात.

आठव्या वेळी ज्योतीचा स्वतःचा उजवा हात वर आला. आणि तिच्याच तोंडावर बसला. गच्च. डावा हात तो ओढून काढायला बघत होता. निघत नव्हता. नखांभोवतीची कातडी पांढरी पडली होती.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना वाटलं, अभिनय.

*

पडदा पडला तेव्हा हात सुटला. आवाज सुटला नाही.

जळगाव, नाशिक, मुंबई. सगळीकडे एकच उत्तर. बोलता यायला हवं.

धुळ्याच्या मंडळींनी निरोप पाठवला, योग नाही. आबांनी सहा महिने वाट बघितली. मग धाकट्याचं लग्न निघालं, आणि घरात मुकी बहीण म्हटल्यावर पाहुणे बिचकायला लागले. एके दिवशी ते ज्योतीची बॅग घेऊन कामिनीच्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमच्या नाटकानं गेली हिची वाचा. सांभाळा आता तुम्हीच."

पाणीही न पिता गेले.

आणि ज्योती राहिली. कामिनीला जे हवं होतं, अगदी तेच झालं.

कामिनीनं एकदा फोन उघडून ज्योतीचे जुने व्हॉइस मेसेज लावले. दोनशेच्या वर असतील. रिक्षाचा हॉर्न येतो. लॅबमधल्या मशीनची घरघर येते. चहाचा कप ठेवल्याचा आवाज येतो.

ज्योती येत नाही. एकाही मेसेजमध्ये.

*

आता माझं.

मागच्या महिन्यात मी जळगावला त्यांच्याकडे गेले. दुपारी जेवायला बसलो. ज्योती ओट्याशी कळण्याच्या भाकरी थापत होती. कामिनी माझ्याशेजारी बसून बोलत होती. खूप बोलते हल्ली. दोघींचं बोलते.

"तिला इथं बरं वाटतं गं. लिहून दाखव म्हटलं तर लिहीत नाही, पण मला कळतं. बघ, रंग कसा उजळलाय."

ज्योती वळली. कामिनी ताटात बघत होती. ज्योतीनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. सावकाश. मला कळावं म्हणून.

मला घरी जायचंय.

मग पुन्हा. तेच.

"काय म्हणतेय ती?" कामिनीनं विचारलं.

कामिनीच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी म्हणाले, "काही नाही. भाकरी वाढू का विचारतेय."

ज्योतीनं माझ्याकडे जसं बघितलं, ते मी विसरू शकत नाही.

आणि मग...

माझ्या उजवीकडे भिंत आहे. नुसती भिंत. तिला लागून मी बसले होते.

तिथून, अगदी हलक्या, बाईच्या आवाजात, पहिले दोन शब्द आले.

"ज्योतीला घरी..."

थांबली. मी उचलावं म्हणून.

त्यानंतर बसमध्ये आली. ऑफिसात आली. काल देवपूजा करताना आली. आता ती हळू बोलत नाही.

कामिनीला हे तोंडावर सांगणं मला जमत नाही. तिच्याकडे दुसरं काही नाही. म्हणून इथं लिहिलं. हे पेज ती रोज वाचते, जेवण झाल्यावर, ज्योतीच्या शेजारी बसून. लिहिलेलं त्या बाईला चालतं का, मला माहीत नाही. माझ्याकडून एवढंच होतंय.

दुपारी इथवर लिहून पेजवर टाकलं होतं. खालचं आत्ता जोडते आहे.

फोन वाजतोय. कामिनीचा आहे. तिसऱ्यांदा.

उचलला तर बोलावं लागेल... आणि सकाळपासून मी कोणाशी एक शब्दही बोलून बघितलेला नाही.