सयाजीची हजेरी

डिसेंबरातला शेवटचा गुरुवार. चिखलीतल्या वर्कशॉपांना त्या दिवशी सुट्टी, म्हणून दादासाहेबांची शेड मोकळी असते. दुपारी साडेतीनला निरंजन चिंचवडहून निघाला, वाटेत दोन किलो फरसाण घेतलं आणि खिशातली यादी तीनदा चाचपून पाहिली. यादी कसली, ते आधी सांगतो.

या शेडमध्ये जमणारे तेरा जण म्हणजे जॅझ, ब्लूज, सोल असल्या साता समुद्रापारच्या गाण्यांनी झपाटलेले लोक. कुणी फिटर, कुणी मास्तरीण, कुणी टेम्पोवाला. यांचं डोकं फिरलंय असं घरच्यांना वाटतं. वाटू दे! वर्षभरात जगातून गेलेल्या वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांची वर्षाच्या शेवटी हजेरी घ्यायची, ही यांची रीत. निरंजननं नाव वाचायचं. ज्याच्याकडे त्या कलाकाराची रेकॉर्ड किंवा कॅसेट असेल, त्यानं "हजर" म्हणायचं. मग सगळ्यांनी माना खाली घालून ती ऐकायची. एकदा वाचलेलं नाव पुन्हा वाचायचं नाही, हा नियम निरंजनचा. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं त्याच्या सहीशिवाय एक नट गेटबाहेर गेला नव्हता, त्यामुळे नियमांची भारी हौस.

आणि याच गड्यानं गेल्या वर्षी एका जित्या माणसाचं नाव वाचलं!

सयाजी दापोडीचा. लग्नाच्या बँडात सॅक्सोफोन वाजवायचा. निरंजननंच त्याला या मंडळींत आणलं होतं. पहिल्यांदा ब्लूज ऐकून तो म्हणाला, "साहेब, हे तर आपल्याकडचंच हाय. रडतंय, पन तालात रडतंय." सॅक्सोफोन तो चिंचेनं घासायचा, आंबट वास यायचा. वाजवण्याआधी न फुंकता नुसत्या बोटांनी कळा दाबून बघायचा. टक टक टक टक. मग लांब श्वास, मग सूर. दादासाहेबांनी त्याची एक कॅसेट भरून ठेवली होती.

गेल्या वर्षी हजेरीच्या आदल्या दिवशी निरंजन बसनं दापोडीवरून चालला होता. चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स दिसला, त्यावर सयाजीचा फोटो. बस पुढं गेली. आता फ्लेक्सवर गेलेला माणूस मधोमध मोठा असतो आणि खाली शोकाकुल मंडळींची रांग, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सयाजी खालच्या रांगेत होता. उतरून बघायला पाच मिनिटं पुरली असती, पण साहेब उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाव वाचलं, दादासाहेब "हजर" म्हणाले, कॅसेट लागली. सगळ्यांच्या माना खाली. दाराकडे तोंड होतं ते एकट्या निरंजनचं. आणि दारात सयाजी! लग्नाची सुपारी आटोपून बँडच्या लाल ड्रेसमध्येच आलेला. आत यायला म्हणून वाकून त्यानं एक पांढरा बूट काढला होता, आणि तसाच ऐकत राहिला. आपलंच नाव, आपलीच कॅसेट. मग त्यानं निरंजनकडे पाहिलं.

नुसतं "ये रे, आत ये" म्हणायचं होतं. हशा झाला असता, दोन शिव्या बसल्या असत्या, विषय मिटला असता. पण सगळ्यांदेखत 'मी चुकलो' म्हणायला जीभ रेटेना. निरंजननं नजर खाली वळवली. वर पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

पुढं सयाजीनं त्याचा फोन उचलला नाही. दादासाहेब म्हणाले, घरच्यांना भेटून येऊ, तर हा म्हणतो, "मी जाऊन आलोय." लाज वाटत नव्हती असं नाही हो. इतकी वाटायची, की दापोडीवरून जाणारी बसच त्यानं सोडली.

यंदा नोव्हेंबरात सयाजी खरंच गेला. त्याच्या मुलीचा, दिव्याचा फोन आला.

"काका, बँडच्या ड्रेसमध्येच नेलं बाबांना, बुटांसकट. तशी इच्छा होती त्यांची." मग म्हणाली, "शेवटी शेवटी एकच विचारायचे. आत बोलावतील का मला? काय ते कळलं नाही. यंदा नाव घ्याल ना त्यांचं?"

"घेईन," निरंजन म्हणाला.

तर आजची हजेरी सुरू झाली. शिकागोचा एक गिटारवाला, मेम्फिसची एक गाणारी, असे सहा जण वाचून झाले. सातवं नाव तळाशी, पेन्सिलीनं लिहिलेलं. ते नाव घेतलं की सगळंच सांगणं आलं. त्यानं कागदाची घडी घातली.

"संपली यादी."

"सयाजीला जाऊन वर्ष झालं," दादासाहेब म्हणाले. "नाव राहू दे, पण कॅसेट लावू एकदा."

त्यांनी कॅसेट लावली. टक टक टक टक. लांब श्वास... आणि सूर नाही. पुन्हा टक टक टक टक. पुन्हा श्वास.

"टेप खराब झाली वाटतं," मास्तरीणबाई पद्माताई म्हणाल्या. शेडमध्ये ऑइलचा वास नेहमीचाच, पण आता त्यात चिंच मिसळली होती. दादासाहेबांनी टेप बंद केला. बटण खटकन वर आलं.

टक टक टक टक.

दाराकडून येत होतं. दारात कुणी नव्हतं, उतरतं ऊन तेवढं पडलं होतं. तेरा माणसं जागच्या जागी थिजली.

निरंजन उठला. "सयाजी गेल्या वर्षी मेला नव्हता..." तो म्हणाला. "मी फ्लेक्स नीट पाहिला नाही. नाव वाचलं तेव्हा तो इथं... या दारात उभा होता. मी बघितलं त्याला. आत बोलावलं नाही. तो आत्ता गेला, महिन्यापूर्वी." मग दाराकडे वळून, कसाबसा, "ये रे सयाजी... आत ये."

टकटक थांबली. अगदी त्याच्या कानाजवळ कुणीतरी लांब श्वास सोडला.

"अरे, माणूस दारात उभा होता," दादासाहेब म्हणाले, "आणि तू..." निरंजनला वाटलं, शिव्या तरी द्याव्यात यांनी. कुणी दिल्या नाहीत. फरसाण तसंच राहिलं. एकेक जण त्याच्याकडे न बघता उठला, दारात चपला घालून गेला.

शेवटी दोघेच उरले. दादासाहेबांनी आपल्या चपला घातल्या, निरंजननं सँडल. दादासाहेब कुलूप हातात घेऊन वळले आणि थांबले.

"हे कुणाचे रे?"

उंबऱ्याशी पांढरे बूट होते. नाड्या सोडलेल्या, टोकं आतल्या बाजूला. निरंजननं रिकाम्या शेडकडे पाहिलं.

"निरंजन... लावू का कुलूप?"

तो बुटांकडे वाकला. बूट दोन्ही काढलेले होते. गेल्या वर्षी सयाजीनं एकच काढला होता.